डेस्कटॉप तापतोय का? आधी मोजा, मग पंखे घ्या

कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवून "बापरे, केवढा तापलाय!" म्हणणारे बरेच असतात. त्या हाताला खरं तर काहीच कळत नाही. पत्रा गारढोण असताना आतला प्रोसेसर ९५ अंशांवर असू शकतो. उलट पत्रा चांगलाच गरम लागत असेल, तर आतली उष्णता बाहेर पडतेय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पंखे घोंघावायला लागले की नवा कूलर शोधायला धावणारेही कमी नाहीत, आणि बहुतेकदा त्या कूलरची गरजच नसते. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय: मोजणं, आकड्यांवरून दुखणं ओळखणं, फुकटचे उपाय, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

एक खुलासा आधीच करतो. पुढे 'प्रोसेसर' म्हटलंय तिथे मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरची, सगळी कामं करणारी मुख्य चिप; 'कूलर' म्हटलंय तिथे त्या चिपवर बसणारा धातूचा ठोकळा आणि त्याचा पंखा; आणि 'कॅबिनेट' म्हटलंय तिथे सगळं सामान ज्यात बसतं तो डबा.

मोजायचं कशाने

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबखाली ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं. ही सोय विंडोज १० मध्ये २०२० साली आली. पण तिथे प्रोसेसरचं तापमान नाही, आणि आपल्याला आधी हवं असतं ते तेच. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) ते दिसतं, पण तो आकडा फारसा कामाचा नाही. तिथे तुमचं नेहमीचं काम चालू नसतं आणि वीज वाचवण्याच्या सगळ्या सोयीही चालू नसतात, त्यामुळे तो धड आरामातला आकडा नाही आणि धड कामातलाही नाही.

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर घ्या. मोफत आहे आणि जवळपास प्रत्येक सेन्सर वाचतं. सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' वर खूण करा, नाहीतर माहितीच्या दहा खिडक्या उघडतील. समोर जी लांबलचक यादी येते ती बघून नवखा माणूस गांगरतो. त्यातल्या चारच ओळी शोधा: प्रोसेसरचं तापमान (इंटेलवर 'सीपीयू पॅकेज', एएमडीच्या रायझनवर 'टीसीटीएल/टीडाय' अशा नावाने), 'पॅकेज पॉवर' म्हणजे तो किती वॅट खातोय, 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग कमी होणं) समोर 'येस' आहे की 'नो', आणि पंख्याच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. प्रत्येक ओळीत आत्ताचा, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी असे चार आकडे असतात. खालच्या घड्याळाच्या बटणाने ते पुन्हा शून्यापासून सुरू करता येतात. प्रत्येक चाचणीआधी ते बटण दाबायची सवय लावून घ्या, नाहीतर सकाळचा उच्चांक संध्याकाळच्या चाचणीच्या नावावर जमा होतो.

एवढी मोठी यादी नको असेल तर कोअर टेम्प साधं आहे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पॅकेज टाका, एकदा सेन्सर शोधण्याचा आदेश चालवा, मग 'सेन्सर्स' हा आदेश दिला की आकडे हजर. डिस्कच्या तापमानासाठी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे.

दोन सूचना. तापमान दाखवणारी दोन-तीन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नका. मदरबोर्डवरच्या एकाच सेन्सर चिपला सगळी एकदम विचारायला जातात आणि आकडे भलतेच येतात. दुसरं, यादीत एखादी ओळ १२७ अंश किंवा उणे ५५ अंश दाखवत असेल तर घाबरू नका. तिथे सेन्सरच जोडलेला नसतो, ओळ मात्र छापली जाते.

तीन मोजण्या, एका कागदावर

आधी खोलीचं तापमान लिहा. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे ठेवा. मागे गरम झोतात नको. ही पायरी सगळे गाळतात आणि मग 'मागच्या महिन्यात ७० होतं, आता ७८ झालं, बिघाड आहे' असा निष्कर्ष काढतात. पंखा कितीही भारी असो, तो खोलीतलीच हवा फिरवतो. पंख्याचा वेग आणि कामाचा भार तोच असेल, तर खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण १० अंशांनी वर जाते. तो बिघाड नाही, ऋतू आहे.

पहिली मोजणी आरामाची. संगणक सुरू करून पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, ब्राउझर बंद, आणि सरासरी टिपा. दुसरी तुमच्या रोजच्या कामाची, मग ते काहीही असो, निदान अर्धा तास. तिसरी पूर्ण भाराची. प्रोसेसरसाठी सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरमधली दहा मिनिटांची चाचणी चांगली. ग्राफिक्स कार्डसाठी एखादा जड गेम अर्धा तास. प्राइम९५ आणि फरमार्क या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका. खऱ्या कामात क्वचितच येणारा भार ते मुद्दाम आणतात, आणि तिथला आकडा बघून उगाच झोप उडते.

प्रत्येक वेळी तापमानासोबत वॅट, फेऱ्या आणि खोलीचं तापमान लिहायचंच. नुसता '८८ अंश' हा आकडा काहीही सांगत नाही.

किती म्हणजे जास्त?

प्रत्येक चिपची वरची मर्यादा बनवणाऱ्याने ठरवलेली असते. ती गाठली की चिप आपणहून वेग कमी करते, तेच थ्रॉटलिंग. त्याहीपुढे गेली तर संगणक स्वतःला बंद करतो. म्हणजे 'प्रोसेसर जळून जाईल' ही भीती आता बरीचशी जुनी झाली. खरा तोटा वेगाचा आणि कानांचा.

इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. रायझन ५००० मालिकेत ती मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५, आणि ७००० मालिकेत बहुतेकांची ९५. या ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेत, हे एएमडीनेच सांगितलंय. त्याच मालिकेतल्या ७८००एक्स३डी ची मर्यादा मात्र ८९. तुमच्या मॉडेलचा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा, ऐकीव नको.

माझा स्वतःचा हिशोब असा: आरामात ३० ते ५०, रोजच्या कामात ५० ते ७५, पूर्ण भारात ८५ पर्यंत असेल तर विषय बंद. ८५ ते ९५ असेल तर पुढचा भाग वाचा, पण घाई नाही. ग्राफिक्स कार्डचं मुख्य तापमान गेम खेळताना ६५ ते ८३ असणं नेहमीचं आहे. बऱ्याच कार्डांत त्याच्याच खाली 'हॉटस्पॉट' (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ओळ असते, ती १० ते २० अंशांनी जास्त असते. हा फरक ३० च्या आसपास गेला तर कूलर चिपवर नीट बसलेला नाही, किंवा चिप आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळलीय. एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर बसणारी चपटी, न फिरणारी डिस्क) सत्तरीच्या पुढे जाऊ नये. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क ४५ च्या आत असेल तर उत्तम.

आकड्यांवरून दुखणं ओळखणं

सगळ्या लेखात हाच भाग नीट वाचण्यासारखा आहे.

समजा दोन संगणक पूर्ण भारात ९४ अंशांवर आहेत. पहिल्याची पॅकेज पॉवर २३० वॅट, पंखा पूर्ण वेगात. दुसऱ्याची पॅकेज पॉवर ६२ वॅट, पंखा १९०० फेऱ्यांवर. पहिल्यात बिघाड काहीच नाही: एवढीशी चिप २३० वॅट सोडतेय, ती तापणारच. त्याचा इलाज वॅट कमी करणं किंवा मोठा कूलर. दुसऱ्यात मात्र नक्की गडबड आहे. ६२ वॅट उचलणं साध्या कूलरलाही जमतं, म्हणजे उष्णता चिपमधून कूलरपर्यंत पोचतच नाहीये. एखादा स्क्रू किंवा पिन सुटली असेल, पेस्ट वाळली असेल, किंवा नव्या कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचाच राहिला असेल. हसू नका, हे फार वेळा घडतं.

आता चढण्याची पद्धत बघा. भार पडताच तापमान एकदम उसळी मारून थांबलं, तर ते चिप आणि कूलरमधलं प्रकरण. सुरुवातीला ७० वर टिकून मग वीस मिनिटांत हळूहळू ८५ पर्यंत सरकलं, तर कॅबिनेटमधली हवा तापत चाललीय आणि बाहेर जात नाहीये. कूलर बिचारा गरम हवेनेच चिप गार करायला बघतोय.

याची खातरजमा फुकटात होते. तीच चाचणी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून पुन्हा करा. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर हवेच्या वाटा ठीक आहेत, दुखणं कूलरपाशी. आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरलंय. मग पुढची काचेची किंवा बंद पत्र्याची पट्टी काढून अजून एकदा बघा. अडथळा नेमका कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं. झाकण कायमचं उघडं ठेवणं हा मात्र इलाज नाही. धूळ दुप्पट जोमाने येते आणि हवेची ठरलेली वाट मोडते.

गेम खेळताना प्रोसेसर तापतो, पण सिनेबेंचमध्ये त्याहून जास्त वॅट खाऊनही कमी तापतो? मग दोष प्रोसेसरच्या कूलरचा नाही. ग्राफिक्स कार्ड आपली दोन-तीनशे वॅट उष्णता कॅबिनेटच्या आतच ओततं आणि वरचा कूलर तीच हवा ओढतो.

पंख्याच्या ओळीत शून्य फेऱ्या दिसल्या तर आधी डोळ्यांनी बघा. ग्राफिक्स कार्डचे पंखे आराम करताना मुद्दाम थांबतात, ते ठीक. प्रोसेसरचा पंखा थांबलेला असेल तर लगेच बंद करून केबल तपासा. सैल वायर पात्यांत अडकणं हे नेहमीचं कारण.

धूळ काढणं

संगणक बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, केबल काढा, आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाते. मोकळ्या हवेत घेऊन जा, नाक-तोंड झाका.

सुरुवात जाळ्यांपासून: पुढची, वरची, आणि हमखास विसरली जाणारी तळाची, पॉवर सप्लायखालची. ही धुऊन, पूर्ण वाळवूनच परत लावायची. मग ब्लोअर किंवा दाबाच्या हवेचा डबा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग बिघडू शकतं. डबा उभा धरा, आडवा केला तर आतला द्रव बाहेर उडतो. घरातला व्हॅक्युम क्लिनर मदरबोर्डवर फिरवू नका, स्थिर विजेचा धोका असतो. ओलं फडकं तर नकोच.

खरी धूळ दिसते तिथे नसते. प्रोसेसरच्या कूलरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो. त्याच्या क्लिपा काढून तो बाजूला करा. खाली हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांच्या तोंडावर करड्या घोंगडीसारखा थर बसलेला असतो आणि पट्ट्यांमधल्या फटी पूर्ण बुजलेल्या असतात. वरून कितीही फुंकलं तरी तो हलत नाही, उलट आत दाबला जातो. मऊ ब्रशने किंवा चिमट्याने तो उचलून घ्यायचा आणि मग पंखा ज्या दिशेने हवा ढकलतो त्याच्या उलट बाजूने फुंकायचं. पॉवर सप्लाय कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. जाळीतून बाहेरूनच फुंका.

हवेची वाट

पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. बहुतेक कॅबिनेटना एवढं पुरतं. पंखा कुठल्या बाजूला फेकतो ते ओळखणं सोपं आहे: ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर येते. शंका असेल तर टिश्यू पेपरची पट्टी समोर धरा. चिकटली तर ओढतोय, उडाली तर फेकतोय. सगळे पंखे बाहेरच फेकत असलेले संगणक मी बघितलेत, आणि त्यांचे मालक अजून एक पंखा घ्यायच्या विचारात होते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग हवा जाळीतूनच येते, फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. वरच्या पंख्यांपैकी अगदी पुढचा बाहेर फेकणारा ठेवलात तर तो नुकतीच आत आलेली ताजी हवाच उचलून बाहेर टाकतो. तिथली जागा रिकामी ठेवलेली बरी.

कॅबिनेट ठेवायची जागाही बघा. मागे १०-१५ सेंटिमीटर मोकळी हवीच. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणक स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. खाली गालिचा असेल तर पॉवर सप्लायचं तोंड बुजतं. आणि एक गोष्ट पंखे विकणारे सांगत नाहीत: ४०० वॅट खाणारा संगणक खोलीत ४०० वॅटचीच उष्णता सोडतो, कूलर कुठलाही असो. कूलर चिपची उष्णता खोलीत आणतो, खोलीतून बाहेर नेत नाही. खोली तापणं हीच तक्रार असेल तर उपाय एकच, वॅट कमी करणं.

पंख्यांचा वेग

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि पंख्यांच्या वेगाचा आलेख शोधा. चार तारांचा पंखा असेल तर पीडब्ल्यूएम, तीन तारांचा असेल तर डीसी निवडा. चुकीचं निवडलं की पंखा कायम पूर्ण वेगात ओरडतो किंवा अडखळतो. प्रोसेसरच्या पंख्यासाठी सुरुवातीला ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ४५, ७५ ला ७०, ८५ ला १०० असं ठेवून बघा, मग कानाने दुरुस्त करा. पंखा दर दोन सेकंदांनी चढतोय-उतरतोय असं होत असेल तर वेग बदलण्याआधीचा विलंब वाढवा. रायझन आरामातही दहा-पंधरा अंशांच्या उड्या मारतो आणि प्रत्येक उडीमागे पंख्याने धावायची गरज नसते. प्रोसेसर पाण्याने गार करणारा कूलर असेल तर त्याचा पंप मात्र या आलेखात घालू नका, तो स्थिर वेगात चालू द्या.

पेस्ट बदलायची वेळ आली तर

कमी वॅट आणि जास्त तापमान असं दिसलं तरच. दरवर्षी विधी म्हणून बदलायची गरज नाही.

१. आधी संगणक दहा मिनिटं कामाला लावून कोमट करा, म्हणजे पेस्ट सैल होते. मग बंद करा, केबल काढा.

२. कूलर सरळ वर ओढू नका. हळूच डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच) रायझनमध्ये तर हे फारच महत्त्वाचं: प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

३. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडून पुसा. तंतू सोडणारा कापूस वापरू नका.

४. मधोमध साधारण ५ मिलिमीटर व्यासाचा ठिपका पुरे. मोठ्या प्रोसेसरला थोडा जास्त. बोटाने पसरवू नका, दाबाने आपोआप पसरते.

५. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, दोन-दोन फेऱ्या आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर कूलर तिरका बसतो.

६. पंख्याची केबल 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी परत लावा. त्याशिवाय बरेच मदरबोर्ड सुरूच होऊ देत नाहीत.

वॅट कमी करणं

मला हा उपाय सगळ्यात आवडतो, आणि लोक सगळ्यात कमी वापरतात. बरेच मदरबोर्ड इंटेल प्रोसेसरला वॅटची मर्यादाच घालत नाहीत. बायोसमध्ये पीएल१ (सलग कामातली वॅटची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) शोधून इंटेलने दिलेले आकडे भरा, उदाहरणार्थ आय९-१३९००के ला पीएल२ २५३ वॅट. रायझनमध्ये 'इको मोड' असतो. तो १०५ वॅट वर्गाच्या प्रोसेसरला ६५ वॅट वर्गासारखं चालवतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चिप खूप वीज खाते, त्यामुळे मर्यादा घातल्यावर वेग जितका जातो त्याहून उष्णता कितीतरी जास्त जाते. ग्राफिक्स कार्डला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर लिमिट' ८० टक्के करून तोच गेम खेळून बघा. फरक कानाला आधी कळेल, डोळ्याला कदाचित कळणारच नाही.

प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी पुन्हा, तोच कागद, आणि एका वेळी एकच बदल. पंखा, पेस्ट आणि बायोस एकाच दिवशी बदललंत तर नक्की कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

संगणक मधेच अचानक बंद पडत असेल तर एचडब्ल्यूइन्फोमधलं नोंद ठेवण्याचं बटण चालू करून काम करा. तो सगळे आकडे फाइलमध्ये लिहीत जातो. पुन्हा बंद पडल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी उघडा. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही साठीत असतील, तर कूलरला दोष देऊ नका. पॉवर सप्लाय आणि त्याच्या केबल तपासायला घ्या.